नळीतला खिळा आणि हातातला खटका

तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्यात प्लास्टिकची नळी, नळीच्या तोंडाशी एक लोखंडी खिळा, शेजारी चार सेल आणि एक बटण. 'विद्युतचुंबकीय तोफ' या नावाची ही मांडणी शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत तुम्ही पाहिली असेल. कदाचित स्वतः केलीही असेल. बटण दाबले की खिळा सपकन आत शिरतो. पण पुष्कळदा तो पलीकडच्या तोंडातून बाहेर पडतच नाही. वेटोळ्याच्या मधोमध दोन-तीन हेलकावे खातो आणि तेथेच चिकटून बसतो. मग तोफ करणारा विद्यार्थी म्हणतो, "सर, सेल कमी पडतात." आणखी दोन सेल जोडावेत, तर खिळा अधिक जोराने आत जातो आणि अधिक घट्ट चिकटतो!

येथे दोष सेलांचा नाही, खटक्याचा आहे. प्रवाह सुरू करणे हे खटक्याचे सोपे काम. तो नेमक्या क्षणी थांबविणे हे अवघड काम. आपल्या तोफेसाठी खटका निवडताना नेमके कोणते प्रश्न विचारावेत, ते या लेखात पाहू.

खिळा मध्येच का थांबतो?

नळीवर गुंडाळलेल्या अशा वेटोळ्याला आपल्या पाठ्यपुस्तकात नालकुंतल म्हणतात. त्यातून प्रवाह गेला की तो चुंबक बनतो आणि लोखंडाला आपल्याकडे खेचतो. 'आपल्याकडे' म्हणजे कोठे, हे मात्र नीट लक्षात घ्या. तो खिळ्याला पलीकडे फेकत नाही. स्वतःच्या मध्याकडे खेचतो. खिळा अलीकडे असेल तर ओढ पुढे, आणि मध्य ओलांडून पलीकडे गेला असेल तर ओढ मागे. म्हणून खिळ्याचा मध्य कुंतलाच्या मध्यावर येताच प्रवाह थांबला पाहिजे. त्याआधी थांबला तर थोडा वेग वाया जातो. नंतर थांबला तर मिळालेला वेगही कुंतल परत काढून घेतो.

आता काही ढोबळ आकडे घेऊ. नेवाशासारख्या गावात विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या दुकानात २५ गेजची, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, इनॅमल चढविलेली तांब्याची तार मिळते. बॉलपेनच्या ८ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या नळीवर ३ सेंटिमीटर लांबीत तिचे ३०० वेढे सहा थरांत बसतात. त्याला सुमारे ११ मीटर तार लागते आणि तिचा रोध जवळजवळ १ ओहम भरतो. टॉर्चचे चार मोठे सेल जोडले, की सेलांचा आतला रोध धरून एकूण २ ओहमच्या आसपास रोध होतो आणि सुमारे ३ अँपिअर प्रवाह जातो. खिळा ३ सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर जाड, डोके कापलेला आणि टोक कानशीने बोथट केलेला घ्यावा. त्याचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते. असा खिळा सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो आणि स्थिर अवस्थेतून मध्यापर्यंत यायला त्याला सुमारे ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, लागतो.

आता तुमचे बोट पाहा. बटण कितीही चपळाईने दाबून सोडले, तरी त्यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. म्हणजे १०० मिलिसेकंद. खिळ्याचा प्रवास ४० मिलिसेकंदांत संपला; उरलेले ६० मिलिसेकंद कुंतल त्याला मागेच ओढत राहतो. खिळा का चिकटला, याचे उत्तर एवढ्यात मिळाले.

प्रवाह थांबायला तयार नसतो

समजा, तुमचे बोट हजारपट चपळ झाले. तरीही दुसरी अडचण शिल्लक राहते. कुंतलातला प्रवाह तोडला, तरी तो लगेच थांबायला तयार नसतो.

अमेरिकेत ऑल्बनी येथे शिक्षक असलेल्या जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. आखूड तारेने जोडलेला विद्युतघट सोडविला तर ठिणगी जवळजवळ दिसत नाही. पण लांब तारेने, विशेषतः वेटोळे केलेल्या तारेने जोडलेला असेल, तर सोडविताना लख्ख ठिणगी पडते. प्रवाहाने कुंतलाभोवती चुंबकीय क्षेत्र उभे केलेले असते. प्रवाह कमी होऊ लागला की ते क्षेत्र ढासळते, आणि ढासळता ढासळता त्याच तारेत नवे विद्युत दाब निर्माण करते. हे दाब प्रवाह चालू ठेवण्याच्याच दिशेने असते. या गुणधर्माला स्वप्रवर्तन म्हणतात आणि त्याच्या एककाला हेन्रींचेच नाव दिले आहे.

हे दाब किती असते? प्रवाह ज्या दराने बदलतो, त्या दराला स्वप्रवर्तनाने गुणले की उत्तर मिळते. आपल्या कुंतलाचे स्वप्रवर्तन, खिळा आत असताना, सुमारे १ मिलिहेन्री धरू. ३ अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या एक लक्षांश भागात, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत, शून्यावर आणला तर दाब भरते ३०० व्होल्ट! सेल सहा व्होल्टचे, आणि खटक्याच्या टोकांवर क्षणभर तीनशे व्होल्ट. बटणाच्या पत्र्यांमध्ये दिसणारी निळसर ठिणगी हीच.

ही ठिणगी आपल्याला अनोळखी नाही. शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर उघडलेला पाहिला असेल, तर त्यातले काळवंडलेले कॉन्टॅक्ट आठवतील. त्या स्टार्टरमध्येही एक कुंतलच असतो. हिरवे बटण दाबले की तो लोखंडी तुकडा खेचतो, 'खट्' आवाज होतो आणि मोटारीचा प्रवाह सुरू होतो. लाईट गेली की कुंतलाची ओढ संपते, स्प्रिंग तुकडा मागे ढकलते आणि मोटार सुटते. प्रत्येक वेळी सुटताना कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. पॉइंट असलेल्या जुन्या मोटारसायकलींमध्ये मात्र हाच उपद्रव कामाला लावलेला होता. तेथे पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटे आणि त्या धक्क्यातून प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळे. पॉइंट स्वतः जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर बसवीत.

आपल्या तालुक्यात सोनई आणि भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आहेत. साखर कारखान्यात उसाबरोबर कोयत्याचा तुकडा किंवा नटबोल्ट चरकात जाऊ नये, म्हणून उसाच्या वाटेवर मोठा विद्युतचुंबक बसविण्याची पद्धत आहे. अशा मोठ्या चुंबकाचा प्रवाह नुसता तोडला तर उसळणारे दाब तारेवरचे आवरणच फोडू शकते. म्हणून तेथे प्रवाह तोडताना त्याला एका रोधातून जिरण्याची वाट दिलेली असते.

तेव्हा कोणत्याही खटक्याला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, तू वेळेवर उघडशील का? दुसरा, उघडताना कुंतलात साठलेली ऊर्जा कोठे जाईल?

पाच उमेदवार

१. हाताचे बटण. पहिल्याच प्रश्नात नापास. ठिणगीने पत्रेही जळतात. मात्र खिळा मध्ये का थांबतो हे दाखवायला यासारखे साधन नाही.

२. खिळा हाच खटका. नळीच्या तोंडाजवळ दोन तांब्याच्या पातळ पट्ट्या अशा बसवा, की खिळा दोघींना टेकून परिपथ पूर्ण करील. खिळा पुढे सरकून त्यांच्यातून निसटला की प्रवाह आपोआप तुटतो. वेळ मोजायला नको, घड्याळ नको. खिळ्याची जागाच खटका चालविते. कल्पना सुंदर आहे. पण पट्ट्यांचे घर्षण हलक्या खिळ्याचा वेग खाते आणि ठिणगीने पट्ट्या काळ्या पडतात, म्हणून दहा वेळा सारखेच उत्तर मिळत नाही.

३. रिले. हा लहानसा स्टार्टरच. कॉन्टॅक्ट जुळायला त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात आणि सुटायलाही काही मिलिसेकंद. आपल्या खिळ्याला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणून हा उशीर हिशेबात धरून रिले चालविता येतो. पण जुळताना त्याचे कॉन्टॅक्ट काही वेळा उड्या मारतात, त्यामुळे वेळ थोडा मागेपुढे होतो.

रिले घेताना त्याच्या पाठीवरचे आकडे वाचा. साध्या रिलेवर प्रत्यावर्ती प्रवाहासाठी २५० व्होल्ट आणि एकदिश प्रवाहासाठी ३० व्होल्टच्या आसपास असे दोन वेगळे आकडे आढळतील. असे का? घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी ठिणगी विझण्याची संधी मिळते. सेलचा प्रवाह कधीच शून्यावर येत नाही, म्हणून ठिणगी जळत राहते.

४. थायरिस्टर, म्हणजेच एससीआर. हा अर्धवाहकाचा खटका अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली तयार झाला. त्याच्या गेटला किंचित प्रवाह दिला की तो सुरू होतो, आणि मोठे प्रवाह झेलतो. पण एकदा सुरू झाला की गेटने तो बंद करता येत नाही. मुख्य प्रवाहच जवळजवळ शून्यावर आला तर तो बंद होतो. सेलवर प्रवाह शून्यावर येणारच नाही, म्हणून खिळा चिकटेल आणि कुंतल तापत राहील. किती? ३ अँपिअर आणि १ ओहम म्हणजे ९ वॅट. तांबे जेमतेम १९ ग्रॅम. एका मिनिटात त्याचे तापमान सुमारे ७० अंशांनी चढेल आणि प्लास्टिकची नळी मऊ पडू लागेल. बोटाला निदान सुटता तरी येते! थायरिस्टर शोभतो तो धारित्राबरोबर, कारण धारित्र रिते झाले की प्रवाह आपोआप संपतो. त्या मार्गाबद्दल पुढे बोलू.

५. ट्रान्झिस्टर. यातला मॉसफेट हा प्रकार आपल्याला योग्य. आयआरएफझेड ४४ सारखा मॉसफेट काही रुपयांत मिळतो, गेटला दाब दिले की सुरू होतो, काढले की मायक्रोसेकंदांत बंद होतो. पहिल्या प्रश्नात तो पैकीच्या पैकी गुण मिळवितो. दुसऱ्यात मात्र त्याचा वेगच त्याला घातक ठरतो. जितक्या चटकन तोडाल तितके उसळणारे दाब अधिक. आयआरएफझेड ४४ ची सहनशक्ती ५५ ते ६० व्होल्टची, आणि वर काढलेले दाब तीनशेचे!

प्रवाहाला वाट द्या

यावरचा उपाय साखर कारखान्यातल्या चुंबकाचाच. कुंतलाच्या दोन टोकांना एक डायोड जोडा. त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी धन टोकाकडे हवी. प्रवाह चालू असताना हा डायोड बंद असतो. मॉसफेटने मार्ग तोडला की कुंतलाचा प्रवाह डायोडमधून गोल फिरतो आणि तारेच्या रोधात जिरतो. मॉसफेटवर सेलच्या दाबापेक्षा व्होल्टभरदेखील जास्त दाब येत नाही.

पण मग प्रवाह लगेच थांबत नाही, तो ओसरायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. हे परवडेल का? दीड मीटर वेगाने खिळा एका मिलिसेकंदात दीड मिलिमीटर सरकतो. एवढे चालेल. मात्र हाच खिळा सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असता, तर त्या एका मिलिसेकंदात त्याने अख्खा कुंतल ओलांडला असता. म्हणून वेगवान यंत्रांत डायोडच्या जोडीला एकसरीत एखादा रोध घालतात. १० ओहमचा रोध घातला तर आपल्या कुंतलात ३ × १० = ३० व्होल्ट उसळतील, मॉसफेट ते सहन करील, आणि प्रवाह दसपट लवकर ओसरेल. येथे देवाणघेवाण आहे: जितके दाब सहन कराल, तितका प्रवाह लवकर थांबेल. सर्वांत उत्तम खटका असा नसतो. तुमच्या खिळ्याच्या वेगाला पुरेसा खटका असतो.

आता मोजू या

मॉसफेट किती वेळ सुरू ठेवायचा हे ठरवायला ५५५ क्रमांकाची चिप वापरा. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली तिची रचना केली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. एका स्पंदाच्या जोडणीत तिचा काळ १.१ × रोध × धारकता एवढा असतो. १ मायक्रोफॅरडचे धारित्र, ४.७ किलोओहमचा रोध आणि त्याच्या एकसरीत १०० किलोओहमचा फिरता रोध घेतला, तर स्पंद ५ पासून ११५ मिलिसेकंदांपर्यंत बदलता येतो. चिपला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी द्या आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकत्र जोडा.

येथेही बोट मध्ये येतेच. बटण स्पंदापेक्षा जास्त वेळ दाबून राहिले, तर चिप ते सुटेपर्यंत सुरूच राहते. म्हणून बटण आणि चिपचा २ क्रमांकाचा पाय यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र घाला आणि त्या धारित्राची दोन्ही टोके १० किलोओहमच्या एकेका रोधाने धन टोकाला जोडा. मग बटण कितीही वेळ दाबले तरी चिपला फक्त पहिला धक्का कळतो.

नळी टेबलाच्या कडेला आडवी बसवा. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर खिळा ०.३९ सेकंदात जमिनीवर येतो. जमिनीवर कार्बन पेपर व खाली पांढरा कागद ठेवा. खिळा कडेपासून ५८ सेंटिमीटरवर पडला, तर वेग ०.५८ भागिले ०.३९, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. फिरता रोध थोडा थोडा बदला, प्रत्येक वेळी पाच उड्डाणांची सरासरी घ्या आणि आलेख काढा. आडव्या अक्षावर स्पंदाचा काळ, उभ्या अक्षावर वेग. आलेख वर चढेल, एका ठिकाणी शिखर गाठेल आणि पुन्हा खाली येईल. ते शिखर तुमच्या तोफेचे. माझे ४० मिलिसेकंद ढोबळ आहेत. नळीचे घर्षण, सेलचा ताजेपणा आणि खिळा ठेवण्याची जागा यांवर तुमचा आकडा ठरेल. जागेत एक मिलिमीटरचा फरकही शिखर हलवितो, म्हणून नळीवर खूण करा.

आणखी एक हिशेब करा. ३ ग्रॅमच्या खिळ्याची दीड मीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ०.००३४ जूल. त्या ४० मिलिसेकंदांत तारेत उष्णता झाली ९ × १ × ०.०४ = ०.३६ जूल. शंभरातला एक भाग खिळ्याला मिळाला, नव्व्याण्णव तारेने खाल्ले!

मोठ्या तोफेचा मोह

हा एक टक्का पाहून कोणालाही वाटेल, की मोठे धारित्र आणून ३०० व्होल्टला भारावे आणि थायरिस्टरने एकदम सोडावे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधले धारित्र वापरून असे करणारी चलच्चित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. ते करू नका. ३०० व्होल्टला भारलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात ४.५ जूल ऊर्जा असते. आपल्या खिळ्याच्या हजारपटीहून अधिक. सेल काढून ठेवले तरी ती तेथेच बसून असते आणि दोन टोकांना स्पर्श होताच एका झटक्यात हातातून जाते. अशा धक्क्याने हृदयाचा ठेका बिघडू शकतो. घरातल्या प्लगला कुंतल जोडणे तर सरळ जीवाशी खेळ आहे. शिक्षकांनी प्रदर्शनाला मांडणी स्वीकारताना खिळा किती लांब गेला हे पाहण्याआधी दाब किती हे विचारावे. सहा व्होल्टच्या मांडणीतही नळी कोणाकडे रोखू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

मोठ्या तोफेचा मोह मोठ्या माणसांनाही झाला होता. नॉर्वेतील भौतिकीचे प्राध्यापक क्रिस्तियान बिर्केलान यांनी १९०१ साली कुंतलांच्या तोफेचे पेटंट घेतले. १९०३ साली क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो, येथील विद्यापीठात त्यांनी मान्यवरांसमोर ती चालवून दाखविली. खटका दाबताच तोफेत शॉर्ट सर्किट झाले, मोठा आवाज झाला आणि प्रखर विद्युत ज्वाला उसळली. तोफेचा बेत तेथेच संपला. पण ती ज्वाला बिर्केलान यांच्या मनात राहिली. अशा ज्वालेच्या उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो. सॅम एडे या अभियंत्याबरोबर त्यांनी त्यावरून नायट्रेट खत बनविण्याची पद्धत काढली, आणि १९०५ साली नॉर्स्क हायड्रो ही कंपनी त्यातून उभी राहिली. पुढे हेबर आणि बॉश यांची कमी वीज लागणारी पद्धत आली आणि तिने या पद्धतीची जागा घेतली. आपल्या उसाला पडणारा युरिया त्याच मार्गाने केलेल्या अमोनियापासून बनतो.

तुमच्या बटणातली निळी ठिणगी त्या ज्वालेचीच धाकटी बहीण. तिला डायोडची वाट करून द्या, स्पंदाचा काळ मोजा आणि प्रदर्शनात तोफेशेजारी तो आलेख टांगा. परीक्षकांनी विचारले, "खिळा आणखी लांब जाईल का?", तर त्यांना शिखर दाखवा आणि ते नेमके तेथेच का आले हे सांगा.